चिमणराव ते आबा टिपरे

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते सिंहगडमार्गे पुण्यात पोहोचले. मराठी विनोदापाशी तेव्हा रंगभूमी, तमाशा आणि चित्रपट यांची संपन्न परंपरा होती. परंतु तिचा सारा सराव भरल्या प्रेक्षागृहाला हसवण्याचा होता. घरात बसलेल्या चार माणसांना त्यांच्यासारख्याच दुसऱ्या घरातील चार माणसे दाखवायची, तर आवाजाची पट्टी, हालचालीचा आवाका, विरामांची लांबी हे सर्व नव्याने ठरवणे प्राप्त होते. दिलीप प्रभावळकर यांच्या दूरचित्रवाणीवरील कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व या संदर्भात पाहावे लागते.

दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्राने ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका सादर केली. तिचा आधार चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथा. पाली भाषेच्या या व्यासंगी अभ्यासकाने पुण्यातील एका भित्र्या, सोशिक, प्रतिष्ठेला जपणाऱ्या कारकुनाला मराठी साहित्यात चिरंजीव केले. या कथांतील विनोदाचे मर्म निवेदनात आहे. चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो, आणि ती अतिशय गांभीर्याने सांगतो. त्याला जे कळत नाही ते वाचकाला कळते, आणि या अंतरातून हसू उमलते. पडद्यावर मात्र निवेदक नाहीसा होतो. उरते केवळ फजिती. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग या जोडीने हा प्रश्न आपापल्या व्यक्तिमत्त्वाच्या बळावर सोडवला होता. दामूअण्णांच्या नुसत्या मुद्रेने हशा पिकत असे.

प्रभावळकरांचा मार्ग वेगळा होता. निवेदकाचे गांभीर्य त्यांनी पात्राच्या देहात उतरवले. आपण हास्यास्पद आहोत याची पुसटशीही जाणीव त्यांच्या चिमणरावाला नसते. किंबहुना परिस्थिती आपल्या ताब्यात असल्याची त्याची समजूत शेवटपर्यंत टिकून असते. छोट्या पडद्यावरील समीपदृश्याला हा संयम मानवला. बाळ कर्वे यांचा धिप्पाड, रोखठोक गुंड्याभाऊ समोर उभा राहिला की चिमणरावाचा कृश संकोच अधिकच ठसठशीत होई. काऊ, मोरू, मैना यांच्यासह हे घर कृष्णधवल पडद्यावर नांदू लागले, आणि वाचकांच्या मनातील पात्रांना कायमचे चेहरे मिळाले. १९७९ मध्ये हीच जोडी विनय धुमाळे यांच्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या चित्रपटातही दिसली.

अशा यशाची किंमतही असते. दूरचित्रवाणी नटाला घरोघरी नेते, पण ज्या वेशात नेते त्याच वेशात त्याला अडकवूनही ठेवते. बाळ कर्वे यांनी पुढे कितीही भूमिका केल्या, तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा महाराष्ट्राने प्रथम आठवला तो गुंड्याभाऊच. प्रभावळकरांनी या पकडीतून सुटण्यासाठी जणू स्वतःच्या प्रतिमेशी सातत्याने वैर धरले. ‘चौकट राजा’ (१९९१) मधील मतिमंद नंदू, ‘झपाटलेला’ (१९९३) मधील क्रूर तात्या विंचू, स्वतःच लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकातील सहा परस्परभिन्न व्यक्ती, आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधील गांधीजी : यांतील कोणालाही चिमणरावाचा वारसदार म्हणता येणार नाही. विनोदी नट हे विशेषण त्यांनी नाकारले नाही. ते अपुरे ठरवले.

तरीही कौटुंबिक विनोदाकडे ते परतलेच. परंतु या वेळी लेखक म्हणून. ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ या सदरात त्यांनी टिपरे कुटुंबातील माणसांच्या रोजनिशा लिहिल्या. त्यांवर आधारित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ पासून ‘अल्फा मराठी’वर केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली आली आणि त्यात ते आबा टिपरे झाले. इथे एक अर्थपूर्ण साम्य आढळते. चिमणराव आपली हकीकत स्वतः सांगत असे. टिपऱ्यांच्या घरात प्रत्येकजण आपली बाजू स्वतः लिहितो. एकाच घटनेच्या निरनिराळ्या नोंदी शेजारी येतात आणि तीन पिढ्यांतील अंतर कोणीही उपदेश न करता उघड होते. चिं. विं.च्या एकपदरी निवेदनाला प्रभावळकरांनी अनेक पदर दिले, असे म्हणणे वावगे होणार नाही.

दोन मालिकांच्या दरम्यान महाराष्ट्राचे मध्यमवर्गीय घर पार बदलले होते. चिमणरावाच्या घरातील चिंता पै-पाहुण्यांची आणि लोक काय म्हणतील याची. टिपऱ्यांच्या घरातील चिंता एकमेकांसाठी उसंत काढण्याची. पहिल्या घरात कर्ता पुरुष हास्याचा विषय होता. दुसऱ्यात तो वृद्ध होऊन हसणाऱ्याच्या जागी बसला. एकाच नटाने ही दोन्ही आसने भूषवली, आणि दोन्ही वेळा पडद्यामागे छापील शब्दाचा आधार होता. रोजच्या मालिकांच्या धबडग्यात तो आधार पुढे क्षीण झाला. मराठी कौटुंबिक विनोदाचा इतिहास लिहिताना त्यामुळे अभिनयाइतकीच वाचनाचीही नोंद घ्यावी लागेल. कारण चिमणराव पडद्यावर येण्यापूर्वीच तो प्रेक्षकांच्या घरात राहत होता.