लियांग सिचेंग : अध्यापन आणि वास्तुजतन यांचा अन्योन्यसंबंध

प्रस्तावना

पारंपरिक वास्तूंच्या जतनाचा विचार करताना कायदा, निधी आणि शासनयंत्रणा यांची चर्चा प्रामुख्याने होते. त्यामागील अध्यापनकार्याकडे सहसा लक्ष जात नाही. वास्तू वाचवायची तर ती प्रथम वाचता आली पाहिजे, आणि हे वाचन शिकावे व शिकवावे लागते. चिनी वास्तुविशारद व वास्तुइतिहासकार लियांग सिचेंग (१९०१-१९७२) यांचे जीवनकार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या अध्यापनाचा व जतनकार्याचा परस्परसंबंध तपासून, त्यांपैकी काय टिकले आणि काय नष्ट झाले याचा विचार केला आहे.

ग्रंथ आणि कारागीर

लियांग यांचा जन्म टोकियो येथे झाला. १८९८ मधील सुधारणा-चळवळ अयशस्वी ठरल्यानंतर त्यांचे वडील, विचारवंत लियांग छीछाव, जपानमध्ये आश्रय घेऊन राहिले होते. १९२४ मध्ये लियांग आणि त्यांच्या भावी पत्नी लिन हुईयिन शिक्षणासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. स्त्रियांना वास्तुरचना विभागात प्रवेश नसल्याने लिन यांनी ललितकला विभागात नाव नोंदविले आणि वास्तुरचनेचे वर्ग केले. याच काळात वडिलांनी लियांग यांना ‘यिंगझाओ फाशी’ या ग्रंथाची नव्याने छापलेली प्रत पाठविली. इ. स. ११०३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा सुंगकालीन बांधकामग्रंथ त्यातील पारिभाषिक शब्दांमुळे जवळजवळ दुर्बोध झाला होता.

१९२८ मध्ये मायदेशी परतल्यावर लियांग यांनी शेनयांग येथील ईशान्य विद्यापीठात वास्तुरचना विभाग स्थापन केला. लिन यांनीही तेथे अध्यापन केले. १९३१ मध्ये जपानने मांचुरियावर आक्रमण केल्याने ते विद्यापीठ विस्थापित झाले. त्याच वर्षी लियांग बीजिंग येथील चिनी वास्तुसंशोधन संस्थेत रुजू झाले. अपरिचित सुंग ग्रंथाकडे थेट न वळता त्यांनी जवळच्या टोकापासून सुरुवात केली. चिंग घराण्याची १७३४ ची बांधकाम-नियमावली हाती घेऊन ते राजवाड्यांच्या कामावरील वृद्ध सुतारांकडे शिकण्यास बसले. ग्रंथातील शब्द आणि कारागिराच्या तोंडचा शब्द यांचा मेळ असा प्रत्यक्ष इमारतीवर घातला गेला. या अभ्यासातून चिंगकालीन बांधणीवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

क्षेत्राभ्यास

१९३२ मध्ये त्यांनी इ. स. ९८४ मधील दूल मंदिराची मोजणी केली. स्तंभ आणि छत यांच्यामध्ये भार पेलणाऱ्या लाकडी तोड्यांची रचना हे चिनी वास्तूचे मर्म होय. सुंग ग्रंथानुसार या तोड्यांच्या लाकडाचा छेद हेच संपूर्ण इमारतीचे परिमाण असून त्याच्या आठ प्रती सांगितल्या आहेत. प्राचीन इमारती मोजल्यावरच या नियमांचा अर्थ उलगडू लागला.

चीनमध्ये तांगकालीन लाकडी इमारत शिल्लक नाही, असे जपानी अभ्यासकांचे मत होते. जुलै १९३७ मध्ये लियांग, लिन आणि सहकारी वुताई पर्वतातील फोग्वांग मंदिरात पोहोचले. तुळईवरील पुसट शाईत लिन यांना एका दात्या स्त्रीचे नाव आढळले. तेच नाव मंदिरासमोरील शिलास्तंभावर इ. स. ८५७ या वर्षासह कोरलेले होते. त्यामुळे इमारतीचा काळ निश्चित झाला. याच सुमारास चीन-जपान युद्धास तोंड फुटले.

युद्धकाळात संस्था सिच्वान प्रांतातील लीझुआंग या गावी हलली. तेथे १९४० मध्ये उमेदवार म्हणून दाखल झालेले लुओ झवन हे पुढे चीनच्या भिंतीच्या जतनकार्यातील अग्रणी तज्ज्ञ ठरले. १९४६ मध्ये लियांग यांनी बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात वास्तुरचना विभाग उभा केला.

बीजिंगचा प्रश्न

डिसेंबर १९४८ मध्ये बीजिंगला वेढा पडला असताना साम्यवादी सैन्याचे अधिकारी लियांग यांच्याकडे नकाशा घेऊन आले आणि तोफांपासून जपावयाच्या वास्तू त्यांच्याकडून खुणावून घेतल्या. शहर विनायुद्ध हस्तांतरित झाले. परंतु लढाईतून वाचलेले शहर नियोजनातून वाचविणे अधिक कठीण ठरले. फेब्रुवारी १९५० मध्ये लियांग व नगररचनाकार चेन झानशियांग यांनी नवे शासकीय केंद्र जुन्या शहराच्या पश्चिमेस उभारावे, असा प्रस्ताव मांडला. तो स्वीकारला गेला नाही. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या तटबंदीवर सार्वजनिक उद्यान करावे, ही सूचनाही मान्य झाली नाही. तट टप्प्याटप्प्याने पाडण्यात आला. १९६५ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या कामात त्याचा मोठा भाग नाहीसा झाला. १९५५ मध्ये पारंपरिक छतांच्या पुरस्काराबद्दल लियांग यांच्यावर जाहीर टीकेची मोहीम चालविण्यात आली. त्याच वर्षी लिन यांचे निधन झाले.

तरीही लियांग यांचे लेखन थांबले नाही. जीर्णोद्धाराने वास्तू नवीकोरी दिसू नये, हे तत्त्व त्यांनी १९६०च्या दशकातील एका लेखात स्वतःच्या कृत्रिम दातांच्या दाखल्याने समजाविले. दंतवैद्याने ते पांढरेशुभ्र न करता वयाला साजेसे किंचित पिवळसर केले होते. शिक्षकाची ही हातोटी सिद्धांताइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. सांस्कृतिक क्रांतीत ‘प्रतिगामी विद्वान’ ठरवून त्यांची अवहेलना झाली. ९ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप

‘यिंगझाओ फाशी’वरील त्यांच्या भाष्याचा पहिला खंड १९८३ मध्ये, तर इंग्रजीत लिहिलेला चिनी वास्तुकलेचा सचित्र इतिहास १९८४ मध्ये, म्हणजे दोन्ही मरणोत्तर प्रसिद्ध झाले. बीजिंगमधील त्यांचे पूर्वीचे राहते घर २०१२ मध्ये पाडले गेले. ज्या मध्यवर्ती अक्षाचे महत्त्व लियांग यांनी १९५१ मध्ये प्रतिपादिले, तो २०२४ मध्ये जागतिक वारसा ठरला. मात्र त्यावरील योंगडिंग दरवाजा १९५७ मध्ये पाडून २००४ च्या सुमारास पुन्हा बांधलेला आहे. पाडलेल्याची भरपाई प्रतिकृतीने होते असे म्हणणे लियांग यांच्या विचाराशी सुसंगत नाही.

या जीवनकार्यातून एक निष्कर्ष निघतो. जतनाचे निर्णय सत्तेच्या हाती असतात आणि तेथे अभ्यासकाचा पराभव होऊ शकतो. परंतु मोजमापाची पद्धत, परिभाषा आणि ती जाणणारे विद्यार्थी हे पुढील पिढीपर्यंत पोहोचतात. लियांग तट वाचवू शकले नाहीत. तट पडल्याने काय गमावले हे सांगू शकणारी पिढी मात्र त्यांनी घडविली. वास्तुजतनाच्या इतिहासात वर्गखोलीला स्थान द्यावयाचे ते याच कारणासाठी.