घनही आणि प्रवाहीही

घनातील अणू जागच्या जागी बांधलेले, द्रवातील अणू वाहते, असे आपण वर्गात शिकवतो. मग अणूंची ठरावीक रचनाही आहे आणि ते घर्षणाविना वाहतही आहेत, असा पदार्थ असेल तर? त्याला सुपरसॉलिड म्हणतात.

१९६९ मध्ये सोव्हिएत संघातील आंद्रेयेव्ह व लिफ्शित्झ यांनी अशी अवस्था शक्य असल्याचे गणिताने दाखवले. १९७० मध्ये लेगेट यांनी ती ओळखण्याची रीत सुचवली. घन हेलियम भरलेले भांडे फिरवावे. हेलियमचा काही भाग स्थिरच राहिला, तर जडत्व कमी भरेल.

२००४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात किम आणि चॅन यांनी याच तत्त्वावर प्रयोग केला. हेलियमची डबी बारीक दांडीला जोडून ती पिळाने मागेपुढे डोलवली. तापमान सुमारे ०.२ केल्व्हिनखाली जाताच दोलनकाल घटला. सुपरसॉलिड सापडले, असे अनेकांना वाटले.

पण दोलनकाल बदलला, एवढेच मोजले होते. का बदलला, हे नव्हे. २००७ मध्ये कॅनडातील डे आणि बीमिश यांना आढळले की एवढ्या थंडीत घन हेलियम अधिक ताठ होते. ताठरपणा वाढला तरीही दोलनकाल घटतोच! तेव्हा चॅन यांनी नवी डबी बनवली. तीत सच्छिद्र काचेबाहेर हेलियमला जागाच ठेवली नाही. २०१२ मध्ये निकाल आला: परिणाम नाहीसा. शोध ज्यांनी जाहीर केला, त्यांच्याच प्रयोगाने तो खोडला.

कल्पना मात्र टिकली, आणि वाट उलटी झाली. हेलियमच्या बाबतीत घनात प्रवाह शोधला जात होता. बोस-आइनस्टाइन संघनित १९९५ मध्ये विरळ वायूत साकारले. ते मुळातच अतिप्रवाही, त्यात आता रचना आणायची होती. २०१७ मध्ये झुरिक आणि एमआयटी येथील गटांनी लेसर प्रकाशाच्या साहाय्याने ती आणली. २०१९ मध्ये इटली, जर्मनी आणि ऑस्ट्रियातील गटांनी डिस्प्रोसियम व अर्बियम वापरले. यांचे अणू म्हणजे जणू इवलेसे चुंबक. त्यांच्या परस्पर आकर्षण-प्रतिकर्षणातून थेंबांची रांग आपोआप तयार झाली, आणि थेंबाथेंबांतून अणूंचा प्रवाहही टिकला. २०२४ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने अशा वायूत अतिप्रवाहाची खूण असलेले भोवरेही दाखवले.

प्रयोगवहीत 'दोलनकाल घटला' असे विद्यार्थी लिहितील, तेव्हा आपण त्यांना विचारूया: तो आणखी कशाने घटू शकतो, आणि ते तपासायला डबी कशी बदलाल?