मंडल्याचे रान आणि रझांचा बिंदू

‘यात काढलंय तरी काय?’ अमूर्त चित्रासमोर उभे राहिले की हा प्रश्न मनात येतोच. मला तो अडाणीपणाचा वाटत नाही. मात्र त्याचे उत्तर शोधायला कधी कधी चित्रकाराच्या गावापर्यंत जावे लागते. सय्यद हैदर रझा यांच्या बाबतीत तर नक्कीच.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला. नर्मदेच्या खोऱ्यातले दाट जंगल, रात्रीची भीती आणि उजाडल्यावरचा दिलासा हेच या मुलाचे पहिले शिक्षण. शाळेत त्याचे चित्त थाऱ्यावर नसे. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत राहायला सांगितले. रझा ही आठवण आयुष्यभर सांगत.

पुढे नागपूर आणि मग मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि अमरावती जिल्ह्यातले गाडे यांच्यासोबत ते ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मध्ये होते. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, रझा गेले नाहीत. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी पॅरिस गाठले. १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिलेच बिगरफ्रेंच चित्रकार.

तिथली खेडी, घरे, झाडे रंगवता रंगवता त्यांच्या चित्रांतले आकार विरघळत गेले आणि उरले ते निव्वळ रंग. नाव झाले, पण मन स्वस्थ नव्हते. या सगळ्यात आपले स्वतःचे काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात आले, आपल्या शेजारच्या अजिंठा-वेरूळलाही गेले. त्यानंतर त्यांच्या कॅनव्हासवर मोठा काळा बिंदू उमटला. गुरुजींचा ठिपका आता बीज झाला होता!

त्यांचे १९८९ चे ‘जेस्टेशन’, म्हणजे गर्भावस्था, हे चित्र २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाख रुपयांना विकले गेले. असे आकडे वाचले की हे आपले काम नव्हे, असे वाटून सामान्य माणूस मागे सरतो. खरे नुकसान होते ते इथे. कारण मृगाआधी नांगरून पडलेली काळी जमीन, पोटात बी धरून पावसाची वाट पाहणारे रान, हे जालन्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. रझांच्या काळ्या वर्तुळात मला तरी तेच दिसते.

साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून रझा २०१० च्या अखेरीस दिल्लीत परतले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांना माती देण्यात आली.