गादीवरचा कॅमेरा

ऑनलाइन व्हिडिओचा अभ्यास करायचा म्हटले की विद्यार्थी अंधेरी गाठतो. स्टुडिओ तिथे, ओटीटीवाले तिथे, झगमगाट तिथे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना माझा पहिला सल्ला वेगळा आहे. भुसावळहून सुरतेची गाडी धरा आणि उधन्याला उतरा. या धंद्यात पुढे काय होणार याची चुणूक तिथे आधी दिसते.

रिंग रोडवरच्या एखाद्या कापड मार्केटात सकाळी अकराच्या सुमारास शिरा. दुकानातली पांढरी गादी जुनीच आहे. पण जिथे गावोगावचे व्यापारी मांडी घालून भाव पाडत, तिथे आता ट्रायपॉड उभा असतो. पंजाबी ड्रेसवरच कंबरेला पट्टा आवळून एक मुलगी भराभर साड्या लावते. शेजारचा पोरगा पदर कॅमेऱ्यापाशी नेतो, कापडाची उलटी बाजू दाखवतो, बुट्ट्यांवरून नख फिरवतो. साडेपाच मीटर साडी, ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस, आवडली की स्क्रीनशॉट काढा, नंबरवर पाठवा. एका साडीला मिनिटभर, की पुढची. बोलणे हिंदीत, पण समोरून प्रश्न मराठीत आला की त्याच दमात ‘हो ताई’ येते. पलीकडची ताई बहुधा घरातूनच साड्या विकणारी असते. आडत्यावाचून पान न हलणाऱ्या या बाजारात दुकानदार आणि ती आता थेट बोलतात. आडत्या संपला असे मात्र कुणी लिहू नये. उधारीचा मोठा माल अजून त्याच्याच शब्दावर फिरतो.

(मीही असे एक लाइव्ह पाहून साडी मागवली होती. फोनवर मोरपंखी होती, घरी आली ती पोपटी. रिंग लाइटच्या उजेडात रंगाचे काय होते, हाही प्रबंधाचा विषय आहे.)

हे सगळे नवे वाटते, तितके नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली. ती पाहून फोटोग्राफर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी टिपली एक कुस्ती आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचे स्वागत. सामना आणि सत्कार! आजच्या गावोगावच्या यूट्यूब चॅनलांवर दुसरे काय असते? दादासाहेब फाळक्यांनी तर भांडवल उभारण्यासाठी वाटाण्याचे रोप कसे वाढते ते थोडे थोडे टिपून पडद्यावर झरझर उगवताना दाखवले. आपल्याकडचे चलत्‌चित्र कथेआधी बाजारात आणि मैदानात जन्मले, हे ध्यानात ठेवले तर सुरतेची गादी परकी वाटणार नाही.

सुरतेची दुसरी बाजू लिंबायत, उधना, दिंडोलीत सापडते. यंत्रमागांवर आणि डाइंग मिलांत कामाला आलेला खानदेश इथे वसला. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, श्रावणात कानबाई देवी बसते, तिचे रोट होतात. ज्यांना गावी जाता येत नाही त्यांना कानबाईचे दर्शन फोनवर घडते. या माणसांची अहिराणी छापील पानात फारशी कधी आली नाही. २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी बोलणारे साडेअठरा लाखांवर नोंदले गेले, पण टीव्हीने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर घर मिळाले. आता धुळ्या-जळगावकडे चित्रित झालेले गाणे लिंबायतच्या हळदीत वाजते. मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला, तेव्हा असा प्रेक्षक व्हिडिओ पार्लरच्या बाकांवर जमवावा लागे.

पुढे काय? टिकटॉक भारतात २९ जून २०२० ला बंद झाले. त्याची जागा घ्यायला इन्स्टाग्रामचे रील आणि पाठोपाठ यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि उभी चौकट कायमची झाली. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी थांबत नाही. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते दोन बदल. पहिला, साडी लावणारी ती मुलगी. संगणकाने घडवलेल्या मॉडेलच्या अंगावर साडी चढवणे सुरू झाले आहे, आणि कॅटलॉगपुरते तरी तिचे काम आधी जाईल असा माझा अंदाज आहे. लाइव्हमध्ये ती टिकेल, कारण गिऱ्हाइकाला चुरगळलेले कापड पाहायचे असते. असे कृत्रिम चित्र ओळखू येईल अशी खूण त्यावर असावी, असा नियमांचा मसुदा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. साडीच्या फोटोवर ती खूण कोण लावणार, हे मार्केटात विचारून पाहा.

दुसरा बदल भाषेचा. यंत्राने केलेले डबिंग मोठ्या भाषांना पंख देईल. अहिराणीचे काय? यंत्राला शिकवायला लागणारा मजकूर तिच्याकडे जो आहे तो बहुतेक गाण्यांत आणि विनोदी फितींत आहे, आणि त्या करणाऱ्यांसाठी पैशाचे दार अरुंद आहे. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात पाहिले गेलेले चार हजार तास, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज झाल्याशिवाय यूट्यूब जाहिरातीतला वाटा देत नाही. त्या दाराबाहेर राहणारे काय खातात, हे शोधणारा संशोधक मला हवा आहे. लग्नातल्या डीजेपासून सुरुवात केली तरी चालेल.

पहिल्या दिवशी मार्केटात जाल तेव्हा प्रश्नावली पिशवीतच ठेवा. गादीच्या कडेला, ट्रायपॉडच्या मागे बसा, सावली साडीवर पडू देऊ नका. चहा येईल, घ्या. मुलगी दम खायला थांबली, की तासात किती साड्या लावल्या ते विचारा. आकडा वहीत लिहा आणि त्याच्याखाली तिचा पगार.