तीन सुरांचे भय : ‘ब्लॅक सॅबथ’ या गाण्याची जन्मकथा

१९६९ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर बर्मिंगहॅमचे चार तरुण लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत दाखल झाले. एकाचेही वय बावीसच्या पुढे नव्हते. संपूर्ण अल्बमसाठी हाती जेमतेम एक दिवस होता. म्हणून जलशात वाजवावे तसे त्यांनी सलग वाजवले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, तो अल्बम बाजारात आला. अल्बमचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’, बँडचे नाव तेच आणि पहिल्या गाण्याचेही तेच. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा आरंभ अनेक अभ्यासक याच गाण्यापासून मानतात. हा धागा त्या गाण्यातील तीन सुरांचा.

कथा सुरू होते ती मात्र पत्र्याच्या कारखान्यात. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतला मुलगा. सतराव्या वर्षी गिटारवादन हाच व्यवसाय करायचे ठरवून त्याने कारखान्यातली नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आलेला टोनी परत जायला तयार नव्हता; आईने दिवस पुरा करायला धाडले. त्या दिवशी एक कामगार गैरहजर होता, म्हणून टोनीला सवय नसलेल्या यंत्रावर उभे केले गेले. यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली.

आयोमी डावखुरा. म्हणजे तारा छेडायचा हात डावा आणि तारा दाबायचा हात उजवा. नेमकी तारा दाबणारी बोटेच तुटली होती.

पुढे कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला एक तबकडी ऐकवली. वादक होता जँगो राइनहार्ट. १९२८ साली घरगाडीला लागलेल्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपीय जॅझमध्ये अढळ स्थान मिळवले होते. हे ऐकून आयोमीने भांडी घासण्याच्या द्रवसाबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्यापासून बोटांसाठी अंगुस्ताने घडवली आणि घसरू नयेत म्हणून वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबताना वेदना होत. बारीक तारांचा संच त्या काळी इंग्लंडमध्ये सहज मिळत नसे, म्हणून त्याने गिटारला बँजोच्या तारा लावल्या.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करायला हवा. ‘बोटे तुटल्यामुळे त्याने तारा सैल केल्या आणि त्यातून हा जड आवाज जन्मला,’ असे सर्रास लिहिले जाते. तारा तीन अर्धस्वर उतरवण्याची पद्धत १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या अल्बमची. पहिल्या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच पट्टीत आहे. अपघाताचा परिणाम इथे निराळा दिसतो: भरगच्च, बहुस्वरी कॉर्ड धरणे अवघड झालेला हा वादक थोड्या सुरांत अधिक वजन आणायला शिकला होता.

आता ते तीन सूर. बँडचा बास गिटारवादक गीझर बटलर याला गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना अतिशय प्रिय होती. तिचा पहिला भाग ‘मार्स’, म्हणजे युद्धाचा अग्रदूत मंगळ. त्यात सुरावट जी या स्वरावरून डी वर चढते आणि लगेच अर्धा स्वर खाली घसरते. सरावाच्या वेळी बटलर ही सुरावट बासवर वाजवत बसला होता. त्यातूनच आयोमीला आपली सुरावट सुचली: खालचा जी, त्याच्या वरच्या सप्तकातला जी आणि मग सी शार्प.

मराठी श्रोत्याला हे चटकन उमगेल. जी हा षड्ज मानला, तर आयोमी वाजवतो तो मंद्र षड्ज, मध्य षड्ज आणि मग खाली उतरून तीव्र मध्यम. सप्तकाच्या बारा सुरांत हा तीव्र मध्यम षड्जापासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर, अगदी मधोमध बसतो. युरोपात या स्वरांतराला ‘संगीतातला सैतान’ म्हणत. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, वाजवणाऱ्याला शिक्षा होई, अशा कथा आजही फिरतात. तशा बंदीचा पुरावा नाही. गायला कठीण आणि कानाला खटकणारे म्हणून जुने शास्त्रकार ते टाळत, एवढेच. सैतानाचा तो शब्दप्रयोगही ग्रंथांत ठळकपणे आढळतो तो अठराव्या शतकाच्या आरंभी.

शिवाय हाच तीव्र मध्यम यमनात रोज गायला जातो आणि तिथे कोणाला भय वाटत नाही. यमनात तो पंचमाच्या सावलीत असतो. त्याला घर असते. आयोमी त्याला ते घर मिळू देत नाही. तो सूर थरथरवत ठेवतो, लांबवतो, पंचमावर विसावू न देता पुन्हा खालच्या जी वर आदळतो. भय आहे ते या अडवणुकीत आणि सुरांमधल्या रिकाम्या जागेत. गती इतकी संथ, की पुढचा आघात कोठे पडणार हे ठाऊक असूनही ऐकणारा श्वास रोखतो.

त्या जागेत बिल वॉर्डचे ढोल दूरच्या गडगडाटासारखे वाजतात. ऑझी ऑस्बॉर्न गाऊ लागताच गिटार जवळजवळ कुजबुजीपर्यंत उतरते आणि समोर उभ्या काळ्या आकृतीचे वर्णन एकटा मानवी आवाज करतो. तो आवाज काही शिकवलेला नाही, उलट घाबरलेला आहे. म्हणूनच तो खरा वाटतो. अखेरच्या दीड-दोन मिनिटांत गाणे एकाएकी घोडदौड करू लागते. साडेचार मिनिटे दाबून धरलेले सगळे तिथे सुटते, आणि आयोमीचे एकलवादन त्या सुटकेवरच स्वार होते.

आरंभीचा पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा मात्र वादनानंतर जोडलेली आहे. अनेकांना गाण्याचा प्राण तिथेच वाटतो. खरे तर तो थोडा नाटकी साज आहे; तो काढून टाकला तरी तीन सूर तितकेच थंडगार राहतात.

समकालीन समीक्षकांपैकी अनेकांनी अल्बमची टवाळी केली. ब्रिटनच्या विक्रीयादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

५ जुलै २०२५ रोजी चौघेही आपल्या जन्मभूमीत, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातील व्हिला पार्क मैदानावर, शेवटचे एकत्र आले. ऑस्बॉर्न उभा राहू शकत नव्हता. सिंहासनासारख्या आसनावर बसून तो गायला. सतरा दिवसांनी त्याचे निधन झाले. त्या रात्री बँडने चार गाणी सादर केली. बँडच्याच नावाचे ते पहिले गाणे त्या चारांत नव्हते.