कॅमेरा ट्रॅपची कुळकथा

माणूस आसपास नसताना, समोरून जाणाऱ्या प्राण्याच्याच चाहुलीने फोटो टिपणारा कॅमेरा म्हणजे कॅमेरा ट्रॅप. ताडोबाच्या जंगलात तो वाटेकडेच्या झाडाला किंवा लाकडी खुंटाला गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला दिसतो. त्याची लेन्स बोटाच्या पेरापेक्षा लहान, एकाच जागी फोकस केलेली आणि स्वस्त असते. सफारीच्या जिप्सीतून डोकावणाऱ्या 600 मिलिमीटरच्या लेन्सपुढे ती अगदीच गरीब. पण या यंत्राच्या इतिहासात लेन्सला फारसे महत्त्व कधी नव्हतेच. त्याचा इतिहास हा चापाचा, म्हणजे शटर कोण आणि कशाने दाबतो याचा इतिहास आहे. चाप बदलला तसतसे फोटोवरून काय ओळखता येते आणि काय मोजता येते, हेही बदलत गेले.

दोरीचा चाप

चालत्या प्राण्याने स्वतःचाच फोटो काढावा ही कल्पना 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने वापरली. धावपट्टीवर ओळीने तारा ताणलेल्या होत्या. धावता घोडा त्या तोडत गेला आणि एकेका तारेला जोडलेल्या कॅमेऱ्याचे शटर पडत गेले. जंगलात हे तंत्र नेण्याचे श्रेय जॉर्ज शिरास या अमेरिकन वकिलाला दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मिशिगनच्या सरोवरांकाठी रात्री हरणांचे फोटो काढू लागला. तार ओढली गेली की शटर उघडे आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने जुलै 1906 च्या अंकात त्याचे सत्तरहून अधिक फोटो छापले.

भारतात ही दोरी वाघाच्या वाटेवर ताणली ती फ्रेडरिक वॉल्टर चँपियन या वनाधिकाऱ्याने. तो तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, शिवालिक आणि कुमाऊंच्या पायथ्याच्या जंगलांत नोकरीला होता. वाघ ठरलेल्या वाटेने फिरतो, हे शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. शिकारी त्या वाटेवर मचाण बांधत, तिथे चँपियनने कॅमेरा ठेवला. त्याचे वाघाचे फोटो 1925 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1927 मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आले. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात आणि फोटोंवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो, हे त्याच्या लक्षात आले होते. त्या निरीक्षणाचा गणनेसाठी उपयोग व्हायला मात्र आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. दोरीच्या चापाला एका वेळी एकच फोटो निघे, भडक्याची भुकटी पुन्हा भरावी लागे आणि दमट हवेत ती पेटेलच याचा भरवसा नसे. अशा यंत्राने एखाददुसऱ्या वाघाचे चित्र मिळे, जंगलातल्या सगळ्या वाघांचा हिशेब मिळत नसे.

ठशांची मोजदाद

दरम्यान वाघ मोजण्याची दुसरी रीत रुजली. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी 1966 मध्ये पगमार्कची, म्हणजे पाऊलठशांची पद्धत मांडली. धुळीतल्या ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवायची, गरज पडल्यास प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा आणि आकारावरून वाघ वेगळे करायचे. देशभरची पहिली गणना 1972 मध्ये झाली आणि 1827 वाघांचा आकडा निघाला. पुढची तीस वर्षे सर्वत्र हीच रीत चालली. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले होते. 116.55 चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला 508.85 चौरस किलोमीटरचे अंधारी अभयारण्य जोडून 1994-95 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. इथेही उन्हाळ्यात वनरक्षक आणि वनमजूर काच घेऊन बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा तुकडा, पायाखाली घालत. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी नोंदण्याचा प्रघातही याच काळातला. तो ‘निसर्गानुभव’ या नावाने आजही टिकून आहे, पण त्यातून वाघांची संख्या ठरवली जात नाही.

ठशांच्या पद्धतीत दोन दोष होते. एकाच वाघाचा ठसा रेतीत, चिखलात आणि कडक मातीवर वेगवेगळा उमटतो, त्यामुळे एकाचे दोन होत किंवा दोघांचा एक होई. दुसरा दोष हिशेबाचा होता. न सापडलेल्या वाघांची संख्या किती असावी, हे काढण्याची सोय त्यात नव्हती.

किरणाचा चाप

1980 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत दोरीऐवजी इन्फ्रारेड किरणावर चालणारी यंत्रे विकायला आली. वाटेच्या एका बाजूला किरण सोडणारी डबी, दुसऱ्या बाजूला तो झेलणारी. मधून कुणी गेले की किरण तुटे आणि तारेने जोडलेला 35 मिलिमीटर फिल्मचा साधा कॅमेरा फोटो काढी. किरणाची उंची ससा-मुंगसाच्या वर आणि वाघाच्या छातीच्या बेताची ठेवता येई. ‘ट्रेलमास्टर’ या नावाची अशी यंत्रे घेऊन वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी 1990 च्या दशकारंभी कर्नाटकातल्या नागरहोळेत काम सुरू केले.

यंत्राइतकेच त्यामागचे गणितही नवे होते. समजा, पहिल्या फेरीत 10 वेगवेगळ्या वाघांचे फोटो मिळाले. दुसऱ्या फेरीत 12 मिळाले आणि त्यांतले 6 आधीच ओळखीचे निघाले. म्हणजे जंगलातल्या एकूण वाघांपैकी निम्मे पहिल्या फेरीत सापडले होते, असे धरता येते. त्यावरून एकूण संख्या 20 च्या आसपास येते. मासे आणि पक्षी खुणा करून मोजण्यासाठी हे गणित आधीपासून वापरात होते. वाघाच्या अंगावर खूण करायची गरजच नव्हती, कारण पट्टे जन्मापासूनच असतात. कारंत आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांनी 1998 मध्ये ही पद्धत चार जंगलांच्या आकड्यांसह मांडली. 2004 मध्ये त्यांनी 11 ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्रातले ताडोबा, मेळघाट आणि पेंच होते.

फिल्मची मर्यादा मात्र होतीच. रोलमध्ये 36 फोटो. चितळांचा एखादा कळप वाटेवर रेंगाळला की सकाळपर्यंत रोल संपलेला असे आणि मागून आलेल्या वाघाचा मागमूसही राहत नसे.

ही पद्धत देशभर जायला निमित्त झाले सरिस्काचे. राजस्थानातल्या या प्रकल्पात कागदावर वाघ होते, पण 2005 च्या सुरुवातीला तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृती दलाच्या अहवालानंतर ठशांची गणना मागे पडली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2006 पासून दर चार वर्षांनी कॅमेऱ्यांवर आधारलेला अंदाज काढायला सुरुवात केली. ठशांवरून 2001-02 मध्ये 3642 वाघ सांगितले गेले होते. नव्या पद्धतीचा पहिला आकडा आला 1411. त्यांत महाराष्ट्राचे 103 होते.

उष्णतेचा चाप

पुढचा चाप आला चोरीच्या अलार्ममधून. पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर स्वतः किरण सोडत नाही. प्रत्येक वस्तू तापमानानुसार जी उष्णता बाहेर टाकते, तिच्यातला अचानक झालेला बदल तो टिपतो. त्याच्यापुढे बसवलेली प्लॅस्टिकची खाचाखाचांची फ्रेनेल लेन्स समोरच्या दृश्याचे पट्टे पाडते. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकले की सेन्सरमध्ये सूक्ष्म वीज निर्माण होते आणि कॅमेरा जागा होतो. दोन डब्या, तारा, जुळवाजुळव हे सगळे गेले आणि एकाच पेटीत काम भागले.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात या सेन्सरची कसोटी लागते. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो आणि तापलेली जमीन व खडक प्राण्याच्या अंगाइतके किंवा त्याहून गरम होतात. सेन्सर फरक ओळखतो, उष्णता नव्हे. दुपारी फरकच उरला नाही तर समोरून वाघ गेला तरी कॅमेरा झोपलेला राहू शकतो. उलट गरम वाऱ्याने हलणाऱ्या वाळल्या गवतापुढे तो विनाकारण फोटो काढत सुटतो. म्हणून कॅमेऱ्यापुढचे गवत आणि फांद्या कापणे हे कामाचे पहिले पाऊल असते, आणि वाघाच्या नोंदींना रात्र व पहाट अधिक भरवशाची ठरते.

फिल्म जाते, सेन्सर येतो

प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा सीसीडी सेन्सर 1969 मध्ये बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी कल्पिला. 2009 मध्ये दोघांना नोबेलचा मान मिळाला. 1990 च्या दशकात सीमॉस सेन्सर पुढे आला. त्याला वीज कमी लागते, आणि महिनाभर सेलवर जगणाऱ्या यंत्राला तेच हवे होते. 2000 नंतरच्या दशकात कॅमेरा ट्रॅप डिजिटल झाले, 36 फोटोंची अट गेली आणि प्रत्येक फोटोवर तारीख-वेळ आपोआप उमटू लागली.

पण सुरुवातीचे डिजिटल कॅमेरे एका बाबतीत फिल्मच्या मागे होते. सेल वाचवण्यासाठी ते झोपलेले असत आणि जागे होऊन फोटो काढायला सेकंदभर किंवा अधिक घेत. तोवर वाघ चौकटीबाहेर गेलेला असे आणि हाती शेपूट येई. चांगल्या यंत्रांत हा विलंब आता पाव सेकंदाच्या आसपास आला आहे. खोक्यावर छापलेले मेगापिक्सेल मात्र बहुधा फसवे असतात. सेन्सर प्रत्यक्षात बराच लहान असतो आणि उरलेले बिंदू सॉफ्टवेअर भरून काढते. पट्टे ओळखायला मेगापिक्सेलपेक्षा स्थिर, धारदार फोटो लागतो.

ती धार रात्री फ्लॅशवर ठरते. सिलिकॉनच्या सेन्सरला डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाशही दिसतो. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून त्यापुढे एक फिल्टर असतो. रात्री तो बाजूला सरकतो आणि इन्फ्रारेड एलईडी लागतात. 850 नॅनोमीटरच्या एलईडीचा अंधुक लाल ठिपका दिसतो. 940 चा काहीच दिसत नाही, पण तिथे सेन्सरची नजर मंद असल्याने पल्ला कमी पडतो. दोन्हींत प्रकाश अपुरा, म्हणून शटर जास्त वेळ उघडे राहते आणि चालत्या वाघाचे पट्टे फिसकटतात. पांढऱ्या झेनॉन फ्लॅशचा लखलखाट क्षणार्धाचा असतो, त्यात पट्टे स्वच्छ उठतात. म्हणून वाघांच्या गणनेत झेनॉनला पसंती मिळाली. मात्र तो लखलखाट चोरांनाही कॅमेऱ्याचा पत्ता देतो.

मांडणी आणि ओळख

वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचे फोटो मिळाले तर एका वाघाचे दोन वाघ मोजले जाण्याचा धोका असतो. म्हणून गणनेत प्रत्येक जागी दोन कॅमेरे लावतात, वाटेच्या दोन्ही अंगांना. ते नेमके समोरासमोर नसतात, थोडे पुढेमागे असतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या लेन्समध्ये घुसतो. उंची जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास. बांधून झाल्यावर कर्मचारी वाघाइतक्या उंचीवर वाकून समोरून चालतो आणि फोटो नीट येतो की नाही ते पाहतो. साधारण दोन चौरस किलोमीटरला एक जोडी, या हिशेबाने नकाशावर चौकोन पाडलेले असतात. जागा मात्र चौकोनाच्या मध्यावर नव्हे, तर जिथे विष्ठा, ओरखडे आणि ठसे दिसतात त्या वाटेवर निवडली जाते. ती निवडायला बीटवर रोज चालणाऱ्या वनरक्षकाची नजरच लागते. ठशांची जुनी विद्या अशी नव्या यंत्राच्या कामी आली.

कार्डांवरून उतरलेले फोटो आधी सॉफ्टवेअर प्राण्यांनुसार वेगळे करते. मग दुसरे सॉफ्टवेअर वाघाच्या अंगाच्या त्रिमितीय साच्यावर पट्टे चढवून जुन्या फोटोंशी ताडते आणि सर्वांत जवळच्या जुळण्या काढून देते. शेवटचा निवाडा माणूस देतो. 2018 च्या अंदाजासाठी देशभरात 26,838 जागी कॅमेरे लागले. त्यांनी 3 कोटी 48 लाखांवर फोटो काढले, त्यांतले 76,651 वाघांचे होते. जगातले सर्वांत मोठे कॅमेरा ट्रॅप सर्वेक्षण म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. 2022 मध्ये जागा 32,588 झाल्या. महाराष्ट्राचा आकडा तोवर 444 झाला होता.

प्रकल्पाच्या हद्दीबाहेर

चंद्रपूर आणि गडचिरोलीत या यंत्राचे काम गणनेपुरते राहिले नाही. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, शेतांना आणि गावांना लागून राहतात. तिथे माणूस मारला गेला की घटनास्थळाभोवती कॅमेरे लागतात, कारण कोणत्या वाघाने मारले हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. गडचिरोलीतल्या वडसा, शेजारच्या भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात 13 माणसे मारणारा ‘सीटी-1’ हा वाघ 13 ऑक्टोबर 2022 रोजी वडसा जंगलात बेशुद्ध करून पकडण्यात आला. अशा मोहिमांत बंदूक पुढे येण्याआधी फोटोंतल्या पट्ट्यांवरून ओळख पटवावी लागते. 2023 मध्ये ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात दिसलेला एक वाघ ब्रह्मपुरी परिसरातला असल्याचे पट्टे जुळवूनच समजले. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर नव्हता.

ताज्या पिढीत चाप पुन्हा बदलला आहे. काही कॅमेरे मोबाइल नेटवर्कवरून फोटो लगेच पाठवतात. काहींच्या आतले सॉफ्टवेअर समोरचा प्राणी वाघ आहे की गाय, हे स्वतःच ठरवते. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या, सीतारामपेठ गावाच्या कडेला असे कॅमेरे बसवले गेले. वाघ किंवा बिबट दिसला की गावकऱ्यांना आणि वनकर्मचाऱ्यांना सूचना जाते. आधीचे सगळे कॅमेरे वाघ येऊन गेल्याचे सांगत, हा तो येत असल्याचे सांगतो. मात्र त्यासाठी वीज आणि नेटवर्क दोन्ही अखंड लागतात. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे भामरागड, एटापल्लीच्या जंगलात नेटवर्क विरळ आहे. तिथे कार्ड काढून आणणारा वनरक्षक आणि सेलवर चालणारी साधी पेटी हीच व्यवस्था अधिक खात्रीची ठरते.