वेब होस्टिंग

वेब होस्टिंग : संकेतस्थळाची पृष्ठे, चित्रे व इतर माहिती इंटरनेटशी अखंड जोडलेल्या संगणकावर ठेवून ती मागेल त्याला पुरविण्याची सेवा. असे काम करणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. संकेतस्थळाच्या मालकाने स्वतःचा सर्व्हर बाळगावा, अशी तांत्रिक आवश्यकता नाही; किंबहुना बहुसंख्य मालक तो बाळगत नाहीत. अहोरात्र वीज, थंड हवा, जलद संदेशवहन आणि देखरेख यांची तरतूद एकाच संकेतस्थळापुरती करणे सहसा परवडत नाही. म्हणून एक यंत्र अनेकांनी वाटून घ्यावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. वेब होस्टिंगचा इतिहास हा मुख्यतः या वाटणीचा इतिहास आहे. एका यंत्रावर नांदणाऱ्या, परस्परांस अपरिचित अशा ग्राहकांमध्ये भिंत कशी घालावयाची, ती कितपत भक्कम असावी आणि यंत्र बंद पडल्यास जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांना वेळोवेळी जी उत्तरे मिळाली, त्यांतूनच होस्टिंगचे आजचे प्रकार निर्माण झाले.

पूर्वपीठिका : वाटणीची ही कल्पना वेबपेक्षा तीस वर्षांनी जुनी आहे. १९५०–६० या दशकात संगणक अतिशय महाग होते आणि ते पाळीपाळीने वापरावे लागत. छिद्रित पत्त्यांवर लिहिलेली आज्ञावली संगणककेंद्रात द्यावयाची व उत्तराची वाट पाहावयाची, असा शिरस्ता होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेला सीडीसी ३६०० हा संगणकही अशाच रीतीने अनेक संस्थांच्या उपयोगी पडला. या पद्धतीत संगणकाचा वेळ वाचत असला, तरी माणसाचा वाया जाई. जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये असे सुचविले की, पुढेमागे संगणनशक्ती ही वीज किंवा दूरध्वनी यांसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. तीत संगणक प्रत्येक वापरणाऱ्याकडे क्षणभर लक्ष देऊन पुढे सरके आणि हे चक्र इतक्या वेगाने फिरे की, प्रत्येकास यंत्र आपल्याच ताब्यात आहे असे वाटे.

अनेकांचे काम एकत्र आल्यावर त्यांना वेगळे राखण्याचा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यासाठी याच प्रणालीत परवलीच्या शब्दांचा वापर सुरू झाला. तथापि, एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या धारिकांवर काम करीत असता त्या धारिकांची अदलाबदल झाली आणि दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येकाच्या पुढ्यात छापून आले. सामायिक यंत्रावरील भिंत आज्ञावलीची असते आणि आज्ञावलीतील चुकीने ती कोसळू शकते, याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

यापुढचे पाऊल आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील शास्त्रीय केंद्राने टाकले. तेथे १९६७ च्या सुमारास वापरात आलेली सीपी-४० ही प्रणाली एका संगणकाचे वेळेपुरते तुकडे न करता त्याच्या १४ पर्यंत आभासी प्रतिकृती निर्माण करी. प्रत्येक प्रतिकृतीला स्वतःची स्मृती व स्वतंत्र कार्यप्रणाली असे. या विचारावर आधारलेली व्हीएम/३७० ही प्रणाली कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. आभासी यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीचे वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनाप्रमाणेच असावे. बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय थेट यंत्रावर चालाव्यात. आणि साधनसामग्रीवरील अंतिम ताबा नियंत्रक आज्ञावलीकडेच राहावा, अशा तीन अटी त्यांनी घातल्या. या नियंत्रक आज्ञावलीस हायपरवायझर म्हणतात. आजच्या आभासी सर्व्हरांनाही याच कसोट्या लागू पडतात.

वेबचा उदय व सामायिक होस्टिंग : टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालू केला. तो त्यांच्या कामाच्या नेक्स्ट संगणकावरच चाले; म्हणून तो बंद करू नये, अशा आशयाची चिठ्ठी त्या यंत्रावर डकविलेली होती. एक यंत्र बंद पडले म्हणजे सारेच संपले, अशी ती अवस्था होती. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची आज्ञावली सर्वांना मुक्तपणे वापरू दिली. १९९५ मध्ये अमेरिकेतील इंटरनेटचा कणा सरकारी अनुदानावरील जालाकडून व्यापारी कंपन्यांकडे गेला. यानंतर संकेतस्थळांची संख्या झपाट्याने वाढली आणि इतरांची पृष्ठे सांभाळून देणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे जिओसिटीज या नावाने प्रसिद्ध पावलेल्या सेवेने तर सामान्य माणसाला विनामूल्य जागा देऊ केली.

आरंभी प्रत्येक संकेतस्थळाला इंटरनेटवरील स्वतंत्र अंकीय पत्ता द्यावा लागे. त्या वेळच्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच उपलब्ध होते. एचटीटीपी या वेब-संकेताची १.१ ही आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार, माहिती मागणाऱ्या संगणकाने आपल्याला हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नावही सांगणे बंधनकारक झाले. या लहानशा दुरुस्तीमुळे एका अंकीय पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदू शकली आणि सामायिक होस्टिंग अत्यंत स्वस्त झाले. त्याची तुलना चाळीतील खोलीशी करता येईल. भाडे थोडे आणि डागडुजी मालकाकडे. परंतु नळ, जिना व दरवाजा सामायिक. एखाद्या संकेतस्थळावर अचानक गर्दी झाली की, शेजारची संकेतस्थळे मंदावतात. एकाच्या सदोष आज्ञावलीतून शिरलेला उपद्रवी माणूस इतरांपर्यंत पोहोचण्याचा धोका राहतो. तसेच ग्राहकाला कार्यप्रणालीत स्वतःच्या गरजेप्रमाणे बदल करता येत नाहीत.

याउलट समर्पित सर्व्हर या प्रकारात संपूर्ण यंत्र एकाच ग्राहकाला भाड्याने मिळते. ग्राहकाने स्वतःचे यंत्र आणून सेवाकेंद्रातील जागा, वीज व संदेशवहन तेवढे भाड्याने घ्यावयाचे, असाही एक प्रकार आहे. या दोहोंत शेजाऱ्याचा उपसर्ग नसतो. मात्र खर्च बराच येतो आणि यंत्राची बरीचशी शक्ती पुष्कळदा निष्क्रिय पडून राहते.

आभासी खाजगी सर्व्हर : चाळ आणि बंगला यांच्यामधल्या सदनिकेची गरज अशा रीतीने भासू लागली. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ती पूर्वीच भागली होती. परंतु होस्टिंगचा व्यवसाय इंटेल घराण्याच्या स्वस्त प्रक्रियकांवर उभा होता व ते प्रक्रियक पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीला उतरत नव्हते. पेंटियम प्रक्रियकाच्या १७ आज्ञा अशा आढळल्या की, त्या नियंत्रकाला वर्दी न देता यंत्राच्या अंतर्गत स्थितीला हात घालीत किंवा ती उघड करीत. ही अडचण तीन मार्गांनी दूर झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अडचणीच्या आज्ञा चालत्या कामातच बदलून घेण्याची युक्ती १९९९ मध्ये बाजारात आणली. केंब्रिज विद्यापीठात (इंग्लंड) तयार झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या झेन या प्रणालीने पाहुण्या कार्यप्रणालीतच अनुकूल फेरफार केले. २००५–०६ मध्ये इंटेल व एएमडी या कंपन्यांनी प्रक्रियकांतच आवश्यक सोय केली. तिच्या आधारावर केव्हीएम ही प्रणाली २००७ मध्ये लिनक्स कार्यप्रणालीचा भाग झाली.

याच सुमारास दुसराही एक प्रवाह वाहत होता. फ्री-बीएसडी या कार्यप्रणालीत २००० मध्ये जेल ही सुविधा आली. होस्टिंग व्यवसायाची गरज हेच तिचे निमित्त होते. तीत स्वतंत्र यंत्राचा आभास न करता एकाच कार्यप्रणालीचे आतल्या आत कप्पे पाडले जातात. लिनक्सवर ओपनव्हीझेड व तत्सम आज्ञावलींनी हेच केले. कप्प्यांची पद्धत हलकी व स्वस्त असते. परंतु कार्यप्रणालीचा गाभा सर्वांना सामायिक असल्याने गाभ्यातील दोषाचा उपद्रव सर्व कप्प्यांना होऊ शकतो. हायपरवायझरवरील सर्व्हरात प्रत्येकाचा गाभा स्वतंत्र असतो. आभासी खाजगी सर्व्हर हे एकच नाव या दोन्ही प्रकारांना दिले जात असल्यामुळे ग्राहकाने आपल्याला कोणती भिंत मिळत आहे, हे विचारून घेणे इष्ट ठरते.

या सर्व्हरावर ग्राहकाला सर्वाधिकार मिळतात. हव्या त्या आज्ञावली बसविता येतात आणि स्मृती व साठवण यांचा ठराविक वाटा त्याच्या नावे राखलेला असतो. परंतु अधिकारांबरोबर जबाबदारीही येते. कार्यप्रणालीतील दोष वेळच्या वेळी दुरुस्त करणे, अनाहूत प्रवेश रोखणे, माहितीच्या प्रती काढून ठेवणे ही सामायिक होस्टिंगमध्ये मालकाने करावयाची कामे येथे ग्राहकाकडे येतात. ज्याला ती झेपत नाहीत, त्याने देखरेखीसह सर्व्हर घेणे किंवा सामायिक होस्टिंगवरच राहणे अधिक सुरक्षित होय.

मेघ संगणन : ॲमेझॉन कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये झेनवर आधारलेले आभासी सर्व्हर तासाच्या हिशेबाने देऊ केले. आरंभीचा दर तासाला १० सेंट इतका होता. मूळ तंत्र आभासी खाजगी सर्व्हराचेच होते. नवीन होती ती मोजणी. महिन्याच्या कराराऐवजी आज्ञावलीच्या द्वारे काही मिनिटांत सर्व्हर निर्माण करावयाचा आणि काम संपताच तो मोडावयाचा, असे शक्य झाले. मॅकार्थी यांचे १९६१ मधील भाकीत विजेच्या मीटरासारख्या या आकारणीत पुष्कळसे खरे ठरले. पुढे २०१३ मध्ये आलेल्या डॉकर आज्ञावलीने कप्प्यांची जुनी कल्पना सर्वत्र रूढ केली. २०१४ पासून तर सर्व्हराचा उल्लेखही न करता आज्ञावली जितका क्षण चालेल तितक्याचेच मूल्य घेणाऱ्या सेवा उपलब्ध झाल्या.

भिंतींच्या मर्यादा : वाटणी जितकी सूक्ष्म झाली, तितके खरे यंत्र ग्राहकाच्या दृष्टीआड गेले, पण ते नाहीसे झाले नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांनी हे दाखवून दिले. प्रक्रियकाचा वेग वाढविण्यासाठी वापरलेल्या युक्त्यांतूनच एका वापरणाऱ्याला दुसऱ्याच्या स्मृतीतील मजकुराचा माग काढता येई. म्हणजे भिंत आज्ञावलीची नव्हे, तर खुद्द यंत्राचीच सच्छिद्र निघाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहितीकेंद्राची एक इमारत जळाली आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. अपघात न होताही असे घडू शकते. याहू कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतलेली जिओसिटीज ही सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत बंद केली. सामान्य लोकांनी हौसेने रचलेली असंख्य पृष्ठे त्यामुळे नष्ट होण्याच्या बेतात आली. स्वयंसेवकांनी व संग्रहसंस्थांनी उतरवून घेतला तेवढाच भाग वाचला.

यावरून असे दिसते की, होस्टिंगचा प्रकार कोणताही असला, तरी दोन गोष्टी ग्राहकाच्या हाती राहणे महत्त्वाचे असते. पहिली, अन्यत्र ठेवलेली माहितीची प्रत. आणि दुसरी, संकेतस्थळाचे नाव. नाव आणि जागा या स्वतंत्र बाबी आहेत. १९८३ मध्ये आखलेल्या नामपद्धतीमुळे संकेतस्थळ एका सर्व्हरावरून दुसऱ्यावर हलविले, तरी त्याचे नाव तेच राहू शकते. जिओसिटीजच्या विनामूल्य पत्त्यावर राहणाऱ्यांना ही मोकळीक नव्हती. जागेबरोबर त्यांचा पत्ताही गेला.

भारतातील स्थिती : भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि १९९८ मध्ये हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. आरंभी अनेक भारतीय संकेतस्थळे अमेरिकेतील सर्व्हरांवर ठेवली जात. पुढे माहितीकेंद्रे देशात उभी राहू लागली. समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येत असल्याने मुंबई व नवी मुंबई परिसर हे त्यांचे देशातील प्रमुख ठिकाण बनले. ॲमेझॉननेही २०१६ मध्ये आपला भारतातील पहिला केंद्रसमूह मुंबईत सुरू केला. मराठीसह देवनागरी लिपीतील भाषांसाठी ‘.भारत’ हा नामविभाग २०१४ मध्ये खुला झाला.

सर्व्हर देशात आल्यावर जबाबदारीचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत आभासी खाजगी सर्व्हर पुरविणाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. ग्राहकांची पडताळलेली नावे, पत्ते व वापराचा कालावधी यांसारखी नोंद पाच वर्षे जपून ठेवणे त्यांना बंधनकारक झाले. गुन्ह्यांच्या तपासासाठी हे आवश्यक असल्याचे शासनाचे म्हणणे होते, तर यामुळे खाजगीपणास बाध येतो, अशी हरकत काही पुरवठादारांनी व नागरी संघटनांनी घेतली. भाडेकरूंमधील भिंत कशी घालावयाची, या तांत्रिक प्रश्नापासून सुरू झालेला हा इतिहास घरमालकाने भाडेकरूविषयी किती जाणावे व कोणास सांगावे, या सामाजिक प्रश्नापर्यंत अशा रीतीने येऊन पोहोचला आहे.